मला रानाचा गुरुजी व्हायचे आहे

मोठेपणी कोण होणार, असे गुरुजींनी विचारले. मी म्हणालो, रानाचा गुरुजी. सगळी मुले फिदीफिदी हसली.

मित्रांनो, माझे आजोबा शाळेत गेले नाहीत. पण मागच्या चैत्रात आम्ही पहाटे मोहफुले वेचत होतो, तेव्हा झाडावरची वानरे एकदम खॅक् खॅक् ओरडू लागली. आजोबा म्हणाले, "वाकू नका. पळूही नका. टोपल्या राहू द्या अन् सगळे मिळून हळूहळू चला." मग बाबांना नाल्याच्या वाळूत वाघाचे पंजे दिसले. (टोपल्यातली निम्मी फुले नंतर ढोरांनी खाल्ली.)

बाबा म्हणतात, रान शिकवून पोट भरते का? मी म्हणतो, भरते! ताडोबाच्या रानात जवळच्या गावचेच लोक गाइड आहेत. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते. रानातल्या माणसांकडूनही ते शिकले आणि त्यांनी पुस्तके लिहिली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण गाइड रान दाखवतात ते पाहुण्यांना. आम्ही पोरे तर नेहमीच रानात जातो, मग आम्हाला कोण शिकवणार? म्हणून शाळेत आठवड्याला एक तास रानाचा पाहिजे, असे माझे मत आहे. मी मोठा होईपर्यंत आजोबा यायला तयार आहेत. फक्त खुर्चीवर बसणार नाही म्हणतात.

— इयत्ता ४ थी