एकास पांच

सध्यां सरकारदरबारीं आणि दरबाराच्या स्तुतिपाठकांच्या तोंडीं एक नवें त्रैराशिक बसलें आहे. एक झाड तोडलें तर पांच रोपें लावूं. म्हणजे वनाची हानि होत नाहींच, उलट चार झाडांचा नफाच होतो! मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठीं मुंबई, ठाणें व पालघर जिल्ह्यांतील सुमारें बावीस हजार तिवरें तोडण्याची परवानगी ९ डिसेंबर २०२२ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें दिली, तेव्हांही हेंच त्रैराशिक पुढें मांडण्यांत आलें होतें. तें इतकें सोपें आहे कीं कोणासही पटावें. आणि इतकें खोटें आहे कीं तें पटलेल्या प्रत्येकानें एकदां डहाणू-तलासरीच्या रानांत जाऊन यावें, असें आम्हांस वाटतें.

हें रान म्हणजे अमेझॉनचें किंवा कांगोचें सदाहरित अरण्य नव्हे, हें आम्ही प्रथमच मान्य करितों. डहाणूचें वन उष्ण कटिबंधांतलें पानझडी वन आहे. साग, ऐन, खैर, शिसव, हेद, कळंब, मोह, पळस, बांबू ही त्याची प्रजा. फाल्गुन-चैत्रांत पानें झडून तें उघडेंबोडकें दिसतें, आणि त्या वेळीं गाडींतून जाणारा शहरी मनुष्य 'येथें राखण्यासारखें आहे तरी काय?' असें विचारतो. त्यानें मृगाच्या सरींनंतर पंधरा दिवसांनीं परत यावें. विषुववृत्ताजवळच्या अरण्यांस पाऊस बहुतेक वर्षभर वांटून मिळतो. आमच्याकडे तो चार महिन्यांत सारा कोसळतो. उरलेले आठ महिने तें पाणी सांभाळण्याचें काम येथें वनानेंच करावयाचें असतें.

तें काम होतें कसें? पावसाचा थेंब प्रथम उंच शेंड्यांवर फुटतो, मग झुडपांवर, मग गवतावर, आणि अखेर कुजलेल्या पाल्याच्या थरावर हळूच टेकतो. तो थर त्याला मुरवितो, मुळें त्याला खोल नेतात, आणि पाऊस सरल्यावरही कित्येक महिने तें पाणी ओढ्यांतून झिरपत राहतें. वरचें छत्र काढलें कीं तोच थेंब उघड्या मातीवर हातोड्यासारखा आदळतो. मग माती खाडींत, पाणी समुद्रांत, आणि वैशाखांत पाड्यावरच्या बाया रिकामे हंडे घेऊन कोसभर दूर! शिवाय थंड देशांत पाला सावकाश कुजून जमिनींत त्याचा सांठा होतो. उष्ण प्रदेशांत तो झपाट्यानें कुजून पुन्हां झाडांतच परततो. अशा वनाची बरीचशी संपत्ति मातींत नसते, ती उभ्या झाडांत असते. झाड नेलें म्हणजे ठेवच नेली. मग रिकाम्या पेटींत पांच रोपें टाकून ती भरत नाहीं. आणि लावलेलीं रोपें तरी कशीं? एकाच वयाचीं, बहुधा एकदोन जातींचीं, ओळींनें उभीं, आणि पुष्कळदां दुसऱ्याच मुलखांत. त्यांतलीं किती तिसरा उन्हाळा पाहतात, याची बातमी वृक्षारोपण-समारंभाइतक्या उत्साहानें कोणी छापीत नाहीं.

अमेझॉनच्या खोऱ्यांतील वृक्ष मुळांनीं ओढलेलें पाणी पानांवाटे हवेंत सोडतात. त्याचे ढग वाऱ्याबरोबर आंत सरकतात आणि पुढें पुन्हां बरसतात. अलीकडचें वन तोडलें तर शेंकडों कोस पलीकडचें वन सुकूं लागतें. पृथ्वीच्या भूभागाचा अगदी थोडा अंश व्यापणाऱ्या या वर्षावनांच्या आश्रयास जमिनीवरील निम्म्याहून अधिक जीवजाति असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेथील वणव्यांचीं चित्रें पाहून आमचे सुशिक्षित हळहळतात. ती हळहळ खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ब्राझीलमध्यें गुरांच्या कुरणांसाठीं व सोयाबीनसाठीं वन गेलें तर तो अनर्थ, आणि डहाणूंत रस्त्यासाठीं व दगडासाठीं गेलें तर तो विकास, हा न्याय कोणता?

येथें एक जुना आक्षेप हटकून येतो. वन वारल्यांनींच खाल्लें, असें सांगण्यांत येतें. हा आरोप आजचा नाहीं. १८७८ च्या कायद्यानें रानें राखीव होऊं लागलीं तेव्हां राबासाठीं ऐनाच्या फांद्या छाटणारा ठाणें जिल्ह्यांतला शेतकरी हाच वनाचा शत्रु ठरला. रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या कीं १८८५ सालीं मुंबई सरकारास चौकशीसाठीं जंगल कमिशन नेमावें लागलें. राब म्हणजे भाताचें रोप तयार करण्याच्या जागेवर पाला, फांद्या व शेण पसरून ती भाजणें. त्याला फांदी लागते, बुंधा लागत नाहीं; आणि छाटलेलें झाड पुन्हां फुटतें. बुंधा हवा होता तो आगगाडीच्या रुळांखालीं, मुंबईच्या घरांस आणि कोळशाच्या भट्ट्यांस. व तो तोडण्याचे मक्ते सरकारच देत होतें. मक्तेदाराच्या कुपांत कुऱ्हाड वारल्याच्या हातीं होती, हें खरें. पण वेठीस धरलेल्याच्या हातांतली कुऱ्हाड कोणाची म्हणावी? २३ मे १९४५ रोजीं तलासरीजवळ झरी येथें हजारों वारली जमले आणि यापुढें वेठबिगार करावयाची नाहीं, असा त्यांनीं निश्चय केला. श्यामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं चाललेल्या त्या चळवळींत १० ऑक्टोबरच्या गोळीबारांत जेठ्या गांगड व त्याचे चार साथी पडले. पुढल्या वर्षीं जंगलकामाच्या मजुरीसाठींही संप करावा लागला. वाघाला देव मानणाऱ्या, लग्नाच्या चौकाभोंवतीं भिंतीवर रानच्या रान उभें करणाऱ्या या लोकांसच वनाचे वैरी ठरविणें म्हणजे चोर सोडून संन्याशास सुळीं देणें होय. पोटासाठीं आज कोणी एखादा तुकडा नांगरीत असेल. परंतु तो अपराध आणि डोंगरच्या डोंगर कापून नेणें, हीं एका तराजूंत घालतां येत नाहींत.

मध्यंतरीं एकदां राज्यकर्त्यांस सुबुद्धि झाली होती. २० जून १९९१ रोजीं केंद्र सरकारनें अधिसूचना काढून सबंध डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक ठरविला. उद्योगांस अवघी ५०० एकर जागा ठेवली. आणि हिरवीं क्षेत्रें, बागा व आदिवासींचे प्रदेश यांच्या वापरांत बदल करावयाचा नाहीं, असें बजावलें. या आज्ञेचें आम्हांस मोल वाटतें तें एवढ्यासाठीं कीं, तिनें झाडें मोजीत न बसतां मुलूख ओळखला. डोंगर, रान, ओढा, भातखाचर, चिकूची वाडी, खाडी व तिवरें हें एकच शरीर आहे, हें तिनें मान्य केलें. तिची अंमलबजावणी होत नाहीं असें पाहून सर्वोच्च न्यायालयानें ३१ ऑक्टोबर १९९६ रोजीं निर्णय दिला, आणि त्यानुसार न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण नेमलें गेलें. त्यानें १९९८ सालीं वाढवण बंदरास नकार दिला. १९९९ सालीं औष्णिक वीजकेंद्रास धुरांतला गंधक काढणारें यंत्र बसविण्याची आज्ञा केली, व आठ वर्षें लागलीं तरी २००७ सालीं तें बसलें. मनांत आणलें तर नियम चालतो, याला दुसरा पुरावा कशास हवा?

मग बिघडलें कोठें? नियम कोणीं फाडून टाकला नाहीं. अपवादांनीं तो पोखरला. ज्या बंदरास १९९८ सालीं नाहीं म्हटलें, त्यासच त्याच प्राधिकरणानें ३१ जुलै २०२३ रोजीं होय म्हटलें. १९ जून २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ७६,२२० कोटि रुपयांची ती योजना मंजूर केली, आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. बंदर समुद्रांत, त्याचा रानाशीं संबंध काय, असें विचारणाऱ्यांस आमचा उलट प्रश्न आहे: समुद्र भरावयाचा दगड कोणाच्या पोटांतून निघतो? माल नेणारा रस्ता व लोहमार्ग कोणाच्या भुईवरून जातो? २००६ च्या कायद्यानें ग्रामसभेस आपलें वन राखण्याचा हक्क दिला. २०२२ च्या नियमांनीं केंद्राची मंजुरी आधीं आणि वनहक्कांचा निवाडा मागाहून, राज्याच्या गळ्यांत, अशी व्यवस्था केली. 'वन' या शब्दाचा कोशांतला अर्थ घ्यावा, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं सांगितलें होतें. २०२३ च्या दुरुस्तीनें कायद्याची कक्षा मुख्यतः दप्तरीं नोंदलेल्या वनापुरती आखडली, आणि जुनाच अर्थ तूर्त पाळा, असें न्यायालयास फेब्रुवारी २०२४ मध्यें बजावावें लागलें. प्रत्येक अपवादाच्या कपाळीं 'लोकहित' हा शब्द, आणि प्रत्येकाच्या खिशांत तें एकास पांचचें त्रैराशिक!

'तुम्हांला प्रगति नको काय?' असें आम्हांस विचारलें जाईल. प्रगति हवी, पण तिची किंमत कोण देतो हें लपविलेलें नको. १९९५ पासून डहाणूच्या केंद्रानें मुंबईच्या उपनगरांस वीज पुरविली. शेजारच्या धामणी येथें सूर्या नदीवर सिंचनासाठीं म्हणून धरण झालें. त्याच्या पाण्यांतून वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांसाठीं रोज ४०३ दशलक्ष लिटरांची योजना आखली गेली. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या नळास या डोंगरांचें पाणी येत असेल. ज्या रानानें तें अडवून धरलें, त्याचा हिशेब झाडांच्या आंकड्यांत मांडणें हा नुसता अडाणीपणा नाहीं, कृतघ्नपणा आहे.

आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. कोणतीही मंजुरी देण्यापूर्वीं त्या त्या ग्रामसभेची संमति घ्यावी. १९९१ ची आज्ञा सबंध तालुक्यासाठीं होती हें स्मरून नव्या प्रत्येक योजनेचा भार वेगवेगळा न मोजतां एकत्र मोजावा. आणि दुसरीकडे लावलेलीं रोपें हें येथील वन तोडण्याचें समर्थन म्हणून कोणासही पुढें करूं देऊं नये. रोपें अवश्य लावावीं, उजाड माळांवर लाखांनीं लावावीं. परंतु तें पुण्य निराळ्या खात्यावर जमा करावें. डहाणूच्या डोंगरावरच्या जुन्या वनाचें देणें त्यानें फिटत नाहीं.