संध्याकाळी सहानंतर जनावरानं आजारी पडायचं नाही!

आपल्या तालुक्यात एक जीआर लागू आहे. तो कुठल्या फायलीत सापडणार नाही, त्यावर कुणाची सही नाही, पण पाळला जातो अगदी काटेकोर. संध्याकाळी सहानंतर, रविवारी आणि सणावाराला कोणत्याही जनावरानं आजारी पडायचं नाही. म्हशीनं अडायचं नाही, कुत्र्यानं विषारी काही खायचं नाही, आणि मांजराची शुगर तर बिलकूल खाली जाऊ द्यायची नाही. गेलीच, तर दवाखान्याचं कुलूप बघायचं आणि गुमान घरी यायचं.

मांजराची शुगर? हो, मांजराचीच. हसून घ्या आधी. चौकातल्या टपरीवर परवा सगळे हसले. एक जण म्हणाला, "आता उंदराला बीपी तेवढा राहिला!" हसणं झालं असेल तर पुढं वाचा, कारण ही गोष्ट मांजरावरून निघून तुमच्या गोठ्यापर्यंत जाणार आहे.

मांजराला मधुमेह होतो, आणि तो बराचसा माणसाच्या टाइप-टूसारखा असतो. वय झालेला, नसबंदी केलेला, घरात बसून वजन वाढलेला बोका असेल तर धोका जास्त. लक्षणं ओळखीचीच: भांडंभर पाणी पितो, सारखी लघवी करतो, भरपूर खातो तरी वाळत जातो. काही मांजरं मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालायला लागतात. उपाय म्हणजे बहुतेक वेळा सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं अगदी लहान इंजेक्शन आणि खाण्यात बदल. लवकर सुरू केलं तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढं सुटतंसुद्धा. म्हणजे हा काही मरणाचा दाखला नव्हे. सांभाळता येतं, फक्त अडीअडचणीला डॉक्टर मिळाला पाहिजे.

आमचा बंड्या नऊ वर्षांचा बोका. जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी तपासून सकाळी एक आणि संध्याकाळी एक युनिट ठरवून दिलं होतं. गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी सातला तो जेवला, इंजेक्शन झालं आणि आठ वाजता सगळं जेवण त्यानं उलटून टाकलं. पोटात अन्न नाही आणि अंगात इन्सुलिन गेलेलं. साडेनऊला तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देत चालला, मग आडवा पडला आणि पाय झाडायला लागला. आईच्या शुगरच्या मशीननं कानाच्या कडेचा थेंब तपासला. आकडा आला ३४. माणसाचं मशीन मांजराची शुगर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतं हे धरलं, तरी ३४ म्हणजे घरात बसून राहायची वेळ नव्हे. शुगर फार वेळ खाली राहिली तर मेंदूला इजा होते, जीवही जातो.

डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे ग्लुकोजचं दाट पाणी बोटानं हिरड्यांना चोळलं. मग फोनाफोनी. सरकारी दवाखान्याला कुलूप. दारावरच्या पाटीवर नंबर होता, पण त्यातले शेवटचे तीन आकडे नव्या रंगाखाली गेलेले. एक खासगी डॉक्टर लग्नाला परगावी. दुसरे म्हणाले, "मी मोठी जनावरं बघतो, मांजराचं मला जमत नाही." एका पशुधन पर्यवेक्षकांनी मात्र फोन उचलला. घरी पाहुणे होते तरी दहा मिनिटं बोलले. म्हणाले, "दर पंधरा मिनिटांनी शुगर बघा, ग्लुकोज चालू ठेवा आणि गाडी काढा. इथं कुणी मिळणार नाही." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. ६८ किलोमीटर गाडी मारून पावणेएकला जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलो, तिथं शिरेतून ग्लुकोज गेलं आणि बंड्या वाचला.

माझ्याकडं गाडी होती, खिशात पैसे होते, ओळखीचे चार नंबर होते. वीस वर्षं या तालुक्यात पत्रकारिता करून जमवलेल्या ओळखी कामाला आल्या. ज्याच्याकडं यातलं काहीच नाही त्यानं काय करायचं?

त्याचं उत्तर आठवडी बाजारात मिळालं. बंड्याचा विषय निघाल्यावर शेजारच्या गावचा एक शेतकरी शांतपणे म्हणाला, "तुमचं मांजर वाचलं साहेब. माझी म्हैस रात्री दोनला अडली. सकाळी नऊला डॉक्टर आले तेव्हा रेडकू बी गेलं होतं आणि म्हैस बी." नव्वद हजारांची म्हैस, वर कर्ज अजून चालू. टपरीवर हसलेल्या मंडळींना एवढंच विचारायचं आहे, या म्हशीवर हसता येईल का? कुलूप एकच आहे राव. ते मांजर बघत नाही आणि म्हैसही बघत नाही.

आता नेहमीचा सवाल. "इथं माणसाला डॉक्टर मिळंना आणि तुम्ही मांजराचं घेऊन बसलात." ग्रामीण रुग्णालयावर मी किती बातम्या केल्यात ते जुन्या वाचकांना ठाऊक आहे. पण जनावराचा डॉक्टर बंद ठेवल्यानं माणसाचा डॉक्टर काही हजर होत नाही. दोघांची खाती वेगळी, पदं वेगळी, पैसा वेगळा. एका कुलपाचं कारण दुसऱ्या कुलपाला देणं ही सोय पुढाऱ्यांची आहे, आपण ती का वापरावी? आणि रेबीज मांजराकडूनही माणसाला होतो हे विसरू नका. जनावरांचा दवाखाना नीट चालणं हा माणसाच्याही आरोग्याचा भाग आहे.

दुसरा सवाल, "हे शहरी, श्रीमंतांचे लाड आहेत." बघूया. ग्लुकोमीटर गल्लोगल्ली मिळतं. मांजराला दिलं जाणारं ग्लार्जिन इन्सुलिन माणसाचंच आहे. सुया माणसाच्या, पट्ट्या माणसाच्या, सलाईन माणसाचंच. मधुमेही मांजराला लागणारं जवळपास सगळं सामान आपल्या गावातल्या मेडिकलच्या कपाटात आज आहे. नाही ते फक्त ते सामान रात्री हातात घेऊन बसलेलं माणूस.

आणि जाणकार माणूस नसला की काय होतं तेही सांगतो. आपल्याकडं इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं, एका मिलीत ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. ४०ची सिरिंज लाल टोपीची, १००ची नारिंगी टोपीची. बंड्याचं इन्सुलिन १००चं. गावातल्या एका मेडिकलवाल्यानं त्यासोबत लाल टोपीच्या सिरिंजा बांधून दिल्या. आई स्वतः ४०चं इन्सुलिन घेते, तिनं पुडी उघडताच ओळखलं. परत घेऊन गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "सुई ती सुईच की काका." नाही बाबा. १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरलं की अडीच युनिट जातं. चार-पाच किलोच्या जीवाला अडीचपट डोस! हाच घोळ माणसाच्या बाबतीतही होऊ शकतो, म्हणून घरात कुणी इन्सुलिनवर असेल तर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजची टोपी आजच जुळवून बघा.

इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. १९२१ साली कॅनडातल्या टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी प्रयोग केले ते कुत्र्यांवर. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला दिलेला अर्क बैलाच्या स्वादुपिंडातून काढलेला होता. पुढं साठेक वर्षं माणसानं गायी-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिनवर दिवस काढले. तुमच्या आजोबांनी घेतलेलं इन्सुलिन जनावराचंच असणार. ज्यांच्या जीवावर हे औषध मिळालं, त्यांच्यातल्या एकाला ते द्यायची वेळ आली की आपण त्याला लाड म्हणतो. याला काय म्हणावं?

सरकारदरबारी तर मांजर अस्तित्वातच नाही. २०२४ साली सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, गाढव, कुत्रा, ससा, हत्ती अशा सगळ्यांना रकाना आहे. मांजराला नाही. मोजलंच नाही तर औषध कुणासाठी मागवणार? पण कायदा मात्र आहे. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पाळलेल्या जनावराला अन्न, पाणी, निवारा न देणाऱ्या मालकाला गुन्हेगार ठरवतो. १९८४चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा सांगतो की किरकोळ सेवा सोडल्या तर नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कुणी उपचार करायचे नाहीत. दोन्ही बरोबर. मालकानं जबाबदारी घ्यावी, भोंदूकडं जाऊ नये. मग नोंदणीकृत माणूस रात्री उपलब्ध ठेवायची जबाबदारी कुणाची?

मुंबईत परळला प्राण्यांचं पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. चांगलंच आहे. आपण तसली इमारत मागत नाही. पण मराठवाड्यात परभणी आणि उदगीर अशी दोन पशुवैद्यकीय महाविद्यालयं असताना, साडेपाच वर्षं शिकून पोरं-पोरी बाहेर पडत असताना, तालुक्याला रात्रीचा एक डॉक्टर मिळू नये?

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या दवाखान्यातली मंडळी माझ्यावर रागावतील. हा राग डॉक्टरांवर नाही. २०२२ला लम्पी आला तेव्हा हीच माणसं गोठ्यागोठ्यात जाऊन लसी टोचत होती, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. एकाच्या डोक्यावर दोन दवाखान्यांचा चार्ज, वर सर्वेक्षण, योजना, मीटिंगा. असा माणूस चोवीस तास कसा पुरणार? राग आहे तो पदं न भरणाऱ्यांवर आणि पाळीचं नियोजन न करणाऱ्यांवर.

म्हणून मागण्या, मोजून चार. यातल्या एकीलाही कोटीचा निधी लागत नाही.

१) तालुक्यातल्या सगळ्या पशुवैद्यकांचा, सरकारी आणि तयार असतील ते खासगी, रात्रीचा पाळीपाळीचा तक्ता करा. कुणाची रात्र आहे त्याचं नाव आणि चालू नंबर दवाखान्याच्या दारावर आणि पोलीस ठाण्यात लावा. रात्रीचा भत्ता द्या, फुकट राबवू नका.

२) दवाखान्यात लहान प्राण्यांसाठी एक आपत्कालीन पेटी ठेवा: ग्लुकोमीटर, पट्ट्या, ग्लुकोजचं इंजेक्शन, सलाईन, बारीक कॅन्युला, लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या.

३) १९६२ क्रमांकावर बोलावता येणाऱ्या फिरत्या पथकांपैकी जिल्ह्यात निदान एक गाडी रात्रभर तयार ठेवा.

४) परभणी-उदगीरच्या महाविद्यालयांतून रात्री फोनवर सल्ला मिळायची सोय करा. जिथं तज्ज्ञ पोचत नाही तिथं त्याचा आवाज तरी पोचू दे.

हे होईपर्यंत मांजर पाळणाऱ्यांनी एवढं कापून ठेवा. इन्सुलिनवरचं मांजर अचानक लुळं पडलं, झोकांड्या देऊ लागलं, झटके आले तर ग्लुकोज किंवा साखरेचं दाट पाणी हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल. दातांपासून बोटं सांभाळा आणि लगेच डॉक्टर गाठा, शुद्धीवर आलं तरी. उलट्या, खाणं बंद, मलूलपणा आणि तोंडाला नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास, हा वेगळा आणि तितकाच गंभीर प्रकार आहे. त्याला सलाईनशिवाय गत्यंतर नाही, सकाळची वाट बघू नका. आपल्या शुगरच्या गोळ्या मांजराला देऊ नका. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही. ते मांजराला विष आहे.

गेल्या बारा महिन्यांत रात्रीच्या वेळी किती जनावरं उपचाराविना गेली आणि तालुक्यात किती पदं रिकामी आहेत, याचा माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. उत्तर आलं की इथंच टाकीन. पण सरकारी उत्तरात ती अडलेली म्हैस असेल असं मला वाटत नाही, कारण ती कुठल्याच रजिस्टरला चढली नाही. म्हणून हे काम तुमचं. कॉमेंटमध्ये चारच गोष्टी लिहा: गाव, तारीख, वेळ, जनावर. गाय असो, शेळी असो, कुत्रा असो की मांजर. शिव्या नकोत, पक्ष नको, नावं नकोत. येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती यादी घेऊन मी पंचायत समितीत जाणार आहे. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी अकरा वाजता गेटवर यावं. ऑफिस त्या वेळेला उघडं असतं.