आसऱ्याला धर्माची अट कशासाठी?

निर्वासितांचे कैवारी असल्याचा आव सत्ताधारी आणीत आहेत. या दाव्याची कसोटी इतिहासावरच घेतली पाहिजे.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निराधारांना कलकत्त्याजवळच्या जादवपूर परिसरात कोणी वसविले? पडीक जमिनी ताब्यात घेऊन त्यांनी स्वतःच वसाहती उभारल्या. वसाहत-समित्यांनी भूखंड वाटले, रस्ते बांधले, शाळा काढल्या. जमीनदारांच्या गुंडांविरुद्ध रात्रीचे पहारे बसविले. १९५० साली संयुक्त केंद्रीय निर्वासित परिषद स्थापन झाली. कम्युनिस्ट व इतर डावे तिच्यात एकत्र आले. १९५१ मध्ये सरकारने हुसकावणीचे विधेयक आणले, तेव्हा पर्यायी जागा मिळेपर्यंत निर्वासितांना हलवू नये, ही तरतूद याच लढ्याने कायद्यात घालायला लावली.

१९७१ साली सुमारे एक कोटी लोक सीमा ओलांडून आले. त्यांच्यासाठी टपालावर पाच पैशांचा साहाय्य कर बसला. तो देशभरच्या कष्टकऱ्यांनीही भरला. त्या पाच पैशांना कोणी धर्म चिकटविला नव्हता.

तो चिकटविला २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने. तीन देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना सवलत दिली, मुसलमानांना वगळले. छळ हाच निकष, असे सरकार सांगते. मग पाकिस्तानातील अहमदिया, म्यानमारमधील रोहिंग्या, तामिळनाडूच्या छावण्यांत चार दशके काढलेले श्रीलंकेतील तामिळ, यांचा छळ हा छळ नव्हे काय?

निर्वासितांना मतपेटीसाठी टाकलेली भीक नको, हक्क हवा. वसाहतींनी तो एकजुटीने मिळविला. ती एकजूट फोडणारी धर्माची अट रद्द झालीच पाहिजे!