मुद्रितशोधक आता कोण?

लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये पूर्वी चार-पाच माणसे उभी असत. संपादक हस्तलिखित वाची. खिळे जुळवणारा एकेक अक्षर उचलून ओळ बांधी. गॅली-प्रूफ निघाले की ते मुद्रितशोधकाच्या टेबलावर जाई. तो समासात हंसपदे आणि काट्या मारून ते परत पाठवी. मग दुसरे प्रूफ, प्रसंगी तिसरे, आणि त्यानंतर कुठे छपाई. यात दिवस जात, लेखकाचा जीव टांगणीला लागे; पण मजकूर चव्हाट्यावर येण्यापूर्वी दोन-तीन परक्या माणसांच्या नजरेखालून गेलेला असे.

आज मोबाइलवर लिहायचे आणि एका खुणेवर बोट टेकवायचे, की कविता असो, सूचना असो वा श्रद्धांजली, ती इंटरनेटवरून क्षणात शेकडो लोकांपुढे हजर होते. ही सोय वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांना एखाद्या संपादकाने दारातही उभे केले नसते, अशा किती तरी मुलामुलींचे लेखन तिच्यामुळे लोकांपुढे आले. पण मधली माणसे गेली म्हणून त्यांचे कामही संपले काय? माझ्या मते ते संपलेले नाही. ते मुकाट्याने लेखकाच्याच अंगावर येऊन पडले आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही.

हे काम किरकोळ कधीच नव्हते. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली जात राहिली आणि उतरवणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडत गेले. तेव्हा एकनाथमहाराजांनी ते पाठ तपासून १५८४ मध्ये, म्हणजे शके १५०६ मध्ये, शुद्ध प्रत तयार केली. स्वतः एवढ्या योग्यतेचा कवी दुसऱ्याच्या ग्रंथातील चुका निपटायला बसतो, यावरून या कामाची प्रतिष्ठा ध्यानात यावी. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक सुबक टाइपाइतकाच शुद्ध छपाईवर उभा होता. तेथील संस्कृत ग्रंथांवर परब, पणशीकर यांच्यासारख्या शास्त्र्यांची दृष्टी फिरलेली असे.

आणि दृष्टी फिरली नाही म्हणजे काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण लंडनचे आहे. १६३१ मध्ये तेथे छापलेल्या बायबलात दहा आज्ञांपैकी एकीतला ‘नको’ हा नकार गळला आणि ‘व्यभिचार कर’ अशी आज्ञा छापून गेली! मुद्रकांना तीनशे पाउंड दंड झाला.

खिळ्यांच्या काळातली चूक बहुधा लगेच दिसे. एखादा खिळा उलटा बसे, काना मोडे, अक्षरांची अदलाबदल होई, आणि शब्द ओबडधोबड दिसून डोळ्यांत खुपे. आजची चूक अशी खुपत नाही. आपण पुष्कळ जण रोमन अक्षरांत मराठी टंकतो आणि यंत्र त्यावरून देवनागरी शब्द सुचवते. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर. ‘न’ आणि ‘ण’, ‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’ यांचीही तीच गत. काल, काळ, कल आणि कळ हे चारही शब्द तिथे एकाच रूपात बसतात. मग यंत्र अंदाज करते, आणि त्याने निवडलेला शब्द व्याकरणशुद्धही असतो. फक्त तो आपल्याला हवा असलेला शब्द नसतो. श्रमदानाच्या एका वृत्तात ‘स्वयंसेवकांनी विहिरीतला गाल काढला’ असे मी वाचले आहे. ‘गाल’ हा शब्द अचूक असल्यामुळे त्याखाली लाल रेघ उमटायचे कारणच नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचेही तसेच. चूक पकडायला अर्थ कळणारा माणूसच लागतो.

विहिरीतल्या गालाला हसून सोडून देता येईल, परंतु सर्वच चुका हसण्यावारी नेता येत नाहीत. मागे परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख सांगणारा एक संदेश विद्यार्थ्यांत फिरला. त्यात १६ च्या जागी १९ पडले होते. खेड्यावरून एस. टी. ने येणारी काही मुले १९ तारखेला आली आणि विलंबशुल्क भरून परत गेली. एका आकड्याची किंमत त्यांनी आपल्या खिशातून मोजली. संदेश पाठवणाऱ्याला ती पडली नाही. श्रद्धांजलीत ‘काळे’ यांचे ‘काले’ आणि ‘डांगे’ यांचे ‘दांगे’ झाले, तर त्या घरच्यांना काय वाटत असेल? ज्याचे आडनाव आपण एकदा तपासून पाहिले नाही, त्याच्याबद्दलचे आपले दुःख त्यांनी किती खरे मानावे?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, शुद्धलेखनाचा हा बाऊ शहरी पांढरपेशांचा आहे. आम्ही आमच्या बोलीत लिहू. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चारांची भर, असे अठरा नियम पाठ नसलेल्या मुलाला वर्गात हसले गेले आहे, हे आपण सर्व जाणतो. परंतु नियमांचा धाक आणि लिहिलेले तपासणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उलट बोलीत लिहिणाऱ्याने तर अधिकच तपासले पाहिजे. बोलीतला शब्द यंत्राच्या ओळखीचा नसला की ते जवळचा प्रमाण शब्द पुढे सारते, आणि आपल्या नकळत ‘व्हता’ चा ‘होता’ होऊन बसतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून उतरवून घेतली आणि १९५२ मध्ये ती खानदेशाच्या बोलीतच पुस्तकरूपाने आली. उतरवणाऱ्या हातांनी ती पुस्तकी मराठीत ‘सुधारली’ असती तर आपल्या पदरात काय उरले असते?

दुसरा आक्षेप असा की, इंटरनेटवर चूक नंतर दुरुस्त करता येते. मग एवढी घाई कशाला? पूर्वीच्या पुस्तकाला शुद्धिपत्र जोडलेले असे आणि पुस्तक जाईल तिथे ते सोबत जाई. आजची दुरुस्ती आपल्यापाशी राहते आणि चुकलेली प्रत पुढे पुढे धावते. वर सांगितलेल्या तारखेची दुरुस्ती त्याच संध्याकाळी झाली होती, पण ती त्या मुलांपर्यंत पोहोचलीच नाही.

तेव्हा करावे काय? जुन्या मुद्रितशोधकांची रीत आजही उपयोगी पडेल. लिहिल्याबरोबर आपले आपण वाचले तर चुका दिसत नाहीत, कारण डोळे कागदावरचे न वाचता मनातलेच वाचतात. म्हणून मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा. साध्या सूचनेला चहा होईपर्यंतचा, लेखाला एक रात्र. मग मोठ्याने वाचावे. छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची आणि दुसरा प्रूफावर बोट ठेवी, ते उगीच नव्हे. प्रथम नावे, नंतर आकडे व तारखा, मग ‘नाही’, ‘नको’ हे नकार तपासावेत आणि ऱ्हस्व-दीर्घाकडे त्यानंतर वळावे. वेलांटी चुकली तर वाचक बहुधा सावरून घेतो. तारीख चुकली तर त्याला सावरता येत नाही. आणि शक्य असेल तेव्हा एका मित्राला वाचायला द्यावे. त्याला आपल्या मनातले ठाऊक नसते, हाच त्याचा उपयोग.

आपल्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. मराठीच्या तासांपैकी वर्षातून दोन तास तरी मुद्रितशोधनाला द्यावेत. समासातल्या खुणा शिकवाव्यात आणि भित्तिपत्रकाचा मजकूर विद्यार्थ्यांकडूनच तपासून घ्यावा. आणि मित्रहो, आपण जोड्या कराव्यात: माझे तू वाच, तुझे मी वाचतो. पुढच्या वर्षीच्या या वार्षिकातला प्रत्येक लेख असा दोघांच्या हातांखालून गेला, तर सुरुवात तेवढ्याने होईल. त्याला पैसा लागत नाही.