घरच्या बोलीची लाज कां वाटावी?

"गांवाकडची भाषा शाळेंत बोलूं नकोस," असा उपदेश पुष्कळ पालक मुलांस करितात. हेतु चांगला असला तरी परिणाम आम्हांस अनिष्ट वाटतो. कारण मूल हळूहळू बोलीबरोबर ती बोलणाऱ्या आईबापांसहि कमी लेखूं लागतें.

या बाबतींत आपल्याच जिल्ह्यांतील उदाहरण पहावें. चिखली तालुक्यांतील अमडापूर येथें १९५९ सालीं जन्मलेले कवि व कादंबरीकार श्री. सदानंद देशमुख हे बुलढाण्यास मराठीचे प्राध्यापक झाले. प्रमाण मराठी त्यांस उत्तम अवगत. तथापि 'बारोमास' (२००२) या कादंबरींत शेतकऱ्यांचें दुःख त्यांनीं शेतकऱ्यांच्याच बोलींत वदविलें. तिचा नायक एकनाथ उच्चशिक्षित असूनहि नोकरीवांचून झुरतो. त्या व्यथेस परक्या शब्दांचा साज चढविला असता, तर ती अंतःकरणास इतकी भिडती ना. २००४ सालीं साहित्य अकादमीनें या ग्रंथास पुरस्कार दिला.

प्रमाण भाषा अवश्य शिकावी. परीक्षेस व व्यवहारास तिच्यावांचून गत्यंतर नाहीं. परंतु विद्यार्थिमित्रांनो, आज घरीं गेल्यावर आजीच्या तोंडचे दहा शब्द वहींत उतरून घ्या. ते हरवले, तर कोणत्याहि कोशांत सांपडतीलच असें नाहीं.