आधी पोट, मग नाव-गाव

दारावर कुणी मागायला आलं की तुमच्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? ‘जेवलात का?’ की ‘कुठून आलात?’ खरं सांगते, माझ्या तोंडून दुसराच निघतो. मग नाव, आडनाव. आडनाव कळलं की मन आपोआप हिशेब मांडतं, आणि तो झाल्यावर हात पोळ्यांच्या डब्याकडे जातो किंवा जात नाही. म्हणून ज्यू धर्मशास्त्रातलं दानाचं प्रकरण वाचताना मी एका जागी अडखळले. तीच जागा आज तुम्हाला दाखवायची आहे.

दानाला हिब्रूत ‘त्झेदाका’ म्हणतात. हा शब्द न्याय या अर्थाच्या धातूवरून आलेला. म्हणजे देणारा उपकार करत नाही, देणं फेडतो. दानावर जगणाऱ्या गरिबानंही थोडं दान द्यायचंच, असा नियम आहे. तोरात शेतकऱ्याला सांगितलंय, की शेताचा कोपरा कापू नकोस, हातून गळलेली कणसं उचलू नकोस, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नकोस. ते गरिबाचं आहे. कोपरा केवढा सोडायचा? निदान साठावा हिस्सा. आणि गंमत म्हणजे, तो कुठल्या गरिबाने न्यावा हे ठरवायचा हक्क मालकाला नाही!

आता त्या शेतात परधर्मी गरीब शिरला तर? सुमारे इ.स. 200 मध्ये, रोमन अमलाखालच्या गॅलिलीत संकलित झालेली मिश्ना सांगते, त्याला अडवू नका. कारण दिलंय ‘दार्खे शालोम’, म्हणजे शांततेच्या वाटा. तालमूद आणखी पुढे जातं. ज्यू गरिबांबरोबर त्यांच्याही गरिबांना पोसा, त्यांच्या आजाऱ्यांची विचारपूस करा, त्यांच्या मृतांना मूठमाती द्या. हे शेजारी मूर्तिपूजक होते, आणि मूर्तिपूजेबद्दल हेच शास्त्र किती कडक आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. तरीही हा नियम. दोन्ही समाज राहतात त्या गावात वर्गणी दोघांकडून गोळा करावी आणि दोघांच्या गरिबांना पोसावं, असंही एका जुन्या संहितेत आहे.

तुम्ही म्हणाल, हे तर भांडण टाळण्यापुरतं झालं. शेजाऱ्याशी वाकडं नको म्हणून दिलेला तुकडा. मलाही तसंच वाटलं. काही भाष्यकारांनी ‘बरोबर’ या शब्दावर बोट ठेवून असंही म्हटलं, की आपले गरीब रांगेत असतील तेव्हाच परक्यांना द्यायचं, एरवी नाही. इतरांनी हा अर्थ मानला नाही. शिवाय क्रमही ठरलेला आहे. आधी नातेवाईक, मग आपल्या गावचे, मग परगावचे. सगळे सारखे, असं हे शास्त्र म्हणत नाही, आणि ते लपवून लिहिणं मला पटणार नाही.

पण बाराव्या शतकातला मायमोनिडीस पाहा. स्पेनमध्ये जन्मला, इजिप्तमध्ये वैद्यकी केली, आणि सगळा कायदा चौदा ग्रंथांत बांधला. हाच नियम सांगताना तो स्तोत्रांतल्या एका वचनाचा आधार घेतो. परमेश्वर सर्वांशी चांगला आहे, त्याची दया त्याने घडवलेल्या प्रत्येकावर आहे, अशा अर्थाचं ते वचन. नुसती शेजाऱ्याची भीती असती तर देवाचा स्वभाव कशाला काढला असता? विसाव्या शतकात इस्रायलचे मुख्य रब्बी उंटरमन यांनीही हेच मांडलं, की शांततेच्या वाटा ही पळवाट नाही, ती तोराच्याच नीतीतून निघते.

मी अडखळले ती जागा मात्र याहून साधी आहे. मायमोनिडीस लिहितो, अनोळखी माणूस ‘भूक लागली, खायला द्या’ म्हणाला तर तो खरा की खोटा हे तपासत बसू नका, लगेच वाढा. कपडे मागितले तर चौकशी चालेल. भुकेला चौकशी नाही. लगेच पुढे परधर्मी गरिबांना अन्नवस्त्र देण्याचा नियम येतो, आणि त्याला लागूनच हा, की मागणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, एक सुकं अंजीर का होईना, द्यावं. पुरीम सणाच्या दानाचा नियम तर आणखी मोकळा. जो हात पुढे करील त्याला द्यायचं. परधर्मीयांनाही द्यायची रीत जिथे आहे, तिथे त्यांनाही.

पुण्यात ‘ससूनला नेलं’ हे शब्द घरोघर ऐकलेले असतात. ते ससून म्हणजे बगदादहून मुंबईला आलेले धर्मनिष्ठ ज्यू व्यापारी डेव्हिड ससून. 1864 मध्ये ते पुण्यात वारले. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय 1867 मध्ये सुरू झालं, आणि त्यांनीच बांधायला घेतलेलं सिनेगॉग, आपलं लाल देऊळ, त्याच वर्षी पूर्ण झालं. त्याच्याच आवारात त्यांची कबर आहे. सिनेगॉग ज्यूंसाठी. रुग्णालय मात्र पुण्यातल्या कुणाही आजाऱ्यासाठी.

परवा एक म्हातारे गृहस्थ दारात उभे राहिले. सवयीने ‘कुठून...’ एवढं तोंडातून निघालंच. मग जीभ चावली, आणि आत जाऊन पोळी-भाजी घेऊन आले. नाव विचारायचं राहूनच गेलं.