पदवीआधी पाया, कर्जाआधी हिशेब

बारावीचे निकाल लागले की बँकांच्या शाखांतून शैक्षणिक कर्जाची चौकशी करणाऱ्या पालकांची वर्दळ वाढते. कर्ज कशासाठी, असे विचारले तर अनेकदा ‘कॉम्प्युटरसाठी’ एवढेच उत्तर मिळते. या क्षेत्रातील नेमके कोणते काम, ते त्या मुलाला वा मुलीला झेपेल व रुचेल काय आणि त्याच्या मिळकतीतून हप्ता फिटेल काय, हे तीन प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतात. वस्तुतः कारकिर्दीचे नियोजन तेथूनच सुरू व्हावयास हवे.

तंत्रज्ञान म्हणजे केवळ प्रोग्रॅम लिहिणे, हा पहिला गैरसमज. बँकिंगचेच उदाहरण पाहावे. आरटीजीएस २००४ मध्ये, एनईएफटी २००५ मध्ये आणि यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र चालते. मध्यरात्री पाठविलेली रक्कम क्षणार्धात योग्य खात्यात जमा होते, त्यामागे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांइतकेच तो तपासणारे, सर्व्हर सांभाळणारे, सायबर सुरक्षेवर पहारा ठेवणारे आणि न जुळलेल्या नोंदींचा छडा लावणारेही असतात. ज्या वाणिज्य पदवीधराला जमाखर्च कळतो आणि डेटाबेसमधून हवी ती माहिती काढताही येते, त्याला या जगात निश्चित स्थान आहे. हातातील विषय टाकून संगणकाकडे पळण्यापेक्षा त्या विषयाला संगणकाची जोड देणे अधिक शहाणपणाचे.

दुसरा गैरसमज म्हणजे आजची तेजी उद्याही राहील असे मानणे. २००० सालापूर्वी तारखांच्या बदलाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा कोबोल जाणणाऱ्यांना मोठी मागणी आली आणि ते काम संपताच ती ओसरली. पाठोपाठ डॉट-कॉमचा फुगा फुटला. २००८ ची जागतिक मंदी आणि २०२२-२३ मधील मोठ्या कंपन्यांतील नोकरकपात हे त्याच चक्राचे पुढील फेरे. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची असते. २०२१ च्या भरतीच्या लाटेत प्रवेश घेतलेला विद्यार्थी बाहेर पडला तो २०२५ मध्ये, आणि तोवर ती लाट ओसरली होती. म्हणून लाट पाहून नव्हे, तर पाया पाहून शिकावे. डेटाबेसची एसक्यूएल ही भाषा १९७० च्या दशकातील, पण आजही ती रोजच्या कामाची आहे. गणित, तर्कशुद्ध विचार, नेटवर्क व डेटाबेसची मूलतत्त्वे आणि स्वच्छ लेखन ही शिदोरी सहसा शिळी होत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून ‘आता प्रोग्रॅम यंत्रच लिहिणार, मग शिकायचे कशाला?’ असे विचारले जाते. यंत्र उत्तर देते, हे खरे; परंतु ते बरोबर की चूक, हे ठरविण्यासाठी जाणकार लागतोच. खात्यावरील व्याजाची आकारणी एका पैशाने चुकली तरी त्याचा जाब माणसालाच द्यावा लागतो. नुसती नक्कल करणाऱ्यांची गरज मात्र घटेल, हेही पालकांनी ओळखलेले बरे.

प्रारंभ कसा करावा? मोठा खर्च करण्यापूर्वी सहा महिने पारख करावी. आयआयटींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘एनपीटेल’वर आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’वर अनेक विषय विनामूल्य शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरतेच माफक शुल्क असते. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईईची अट नाही. पात्रता-परीक्षा मात्र उत्तीर्ण व्हावे लागते. सोबतच एक छोटे पण खरे काम हाती घ्यावे : गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल-वर्गणीचा हिशेब, ओळखीच्या दुकानातील मालसाठ्याची नोंद किंवा गावच्या वाचनालयाची सूची. दहा प्रमाणपत्रांपेक्षा असे एक चालते काम मुलाखतीत अधिक बोलते. आयबीपीएसमार्फत बँकांतील माहिती-तंत्रज्ञान अधिकारी व्हावयाचे असेल, तर पात्रतेच्या अटी आधी वाचाव्यात आणि मगच अभ्यासक्रम निवडावा. तेथे पदवीची शाखाही पाहिली जाते.

आता हिशेबाकडे. समजा, परतफेड सुरू होताना ३ लाख रुपये येणे आहे, व्याज १० टक्के आणि मुदत ५ वर्षे. मासिक हप्ता सुमारे ६,३७५ रुपये होतो. पहिला पगार २० हजार असेल, तर जवळजवळ एक तृतीयांश रक्कम हप्त्यातच जाते. बंगळुरू वा पुण्यातील खोलीभाडे आणि खानावळ उरलेल्या पैशांतून भागवायची. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या खासगी वर्गांच्या बाबतीत तर करारनामा अक्षरशः वाचावा. हमी कोणत्या अटींवर आहे, हप्ता शिक्षण चालू असतानाच सुरू होतो काय आणि वर्ग मध्येच बंद पडल्यास कर्जाचे काय, हे सहीपूर्वी विचारावे. कर्ज विद्यार्थ्याच्या व पालकाच्या नावावर असते; हमी देणाऱ्याच्या नव्हे.

नामांकित महाविद्यालयाचे मोल कोणी नाकारणार नाही. तेथील शिक्षक, सहाध्यायी आणि तेथे चालून येणाऱ्या नोकऱ्या यांसाठी कर्ज काढणे गैर नाही. तथापि ऐपतीबाहेरचे शुल्क आणि रुचीबाहेरचा विषय ही जोडी घातक ठरते. कर्ज मंजूर करताना बँक प्रयोजन आणि परतफेडीची क्षमता तपासते. तीच कसोटी पालकांनी अर्ज भरण्याआधी घरीच लावावी आणि त्या बैठकीत मुलाचे किंवा मुलीचे मत सर्वांत आधी ऐकावे. पुढील तीस-पस्तीस वर्षे ते काम त्यांनाच करावयाचे आहे.